२२ नोव्हेंबर आणि संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षातल्या ३६६ तारखांमधून हीच का निवडली?

‘आजच्या दिवशी संगीतात काय घडलं’ अशी यादी कुठल्याही तारखेची करता येते. कोणीतरी जन्मलेलं असतं, कोणीतरी गेलेलं असतं, एखादी तबकडी बाजारात आलेली असते. २२ नोव्हेंबरची गोष्ट निराळी आहे, कारण हा संत सिसिलियाचा स्मरणदिन. युरोपात ही तारीख कित्येक शतकं संगीताची म्हणूनच ओळखली गेली. त्यामुळे या दिवसाच्या घटनांत दोन जाती दिसतात. काही मुद्दाम याच दिवशी घडवून आणलेल्या आहेत: पर्सेल, हॅन्डल, ब्रिटन या संगीतकारांनी तारीख डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. काही आपसूक इथे येऊन पडल्या: ‘बोलेरो’ या वाद्यवृंदरचनेचा पहिला प्रयोग, बीटल्सच्या दोन तबकड्या, बॉस्टनच्या सभागृहातली एक दुपार. याद्यांमध्ये या सगळ्या एकाखाली एक सारख्याच मापानं लिहिलेल्या असतात, आणि ते मला फार खटकतं. पुढची उत्तरं हा फरक जपत लिहिली आहेत.

संत सिसिलिया कोण? ती गायिका होती का?

रोममधली सुरुवातीच्या काळातली ख्रिस्ती हुतात्मा, एवढी तिची ओळख परंपरेनं दिली आहे. तिच्या नावाचं चर्च रोमच्या ट्रास्टेव्हेरे भागात आजही उभं आहे. पण ती गात होती किंवा वाजवत होती, असं तिच्या मूळ कथेत कुठेच नाही.

पाचव्या शतकातल्या लॅटिन चरित्रकथेत एक वाक्य आहे. लग्नाच्या वेळी वाद्यं वाजत होती आणि ती मात्र आपल्या मनात फक्त देवासाठी गात होती, असा त्याचा अर्थ. म्हणजे बाहेरच्या वाजंत्रीकडे तिचं लक्षच नव्हतं! पुढे चर्चमध्ये गायच्या संक्षिप्त पाठात ‘मनात’ हा शब्द गळला. वाद्यांसाठी आलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही लोक ‘ऑर्गन’ असा घेऊ लागले. वाद्यांच्या गजरात मनातल्या मनात गाणारी मुलगी अशी हळूहळू ऑर्गन वाजवणारी संत झाली. एक शब्द गळाल्यामुळे संगीताला एक अधिष्ठात्री मिळाली, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत हृद्य वळण वाटतं.

राफाएलला मूळ कथेची जाण असावी. बोलोन्यासाठी त्यानं काढलेल्या चित्रात सिसिलियाच्या हातातला छोटा ऑर्गन उलटा झाला आहे, त्याच्या नळ्या निसटत आहेत, पायाशी मोडकी वाद्यं पडली आहेत आणि तिची नजर वर, गाणाऱ्या देवदूतांकडे लागली आहे. १५८५ मध्ये रोममध्ये संगीतकारांची जी संस्था पोपच्या आज्ञापत्रानं स्थापन झाली, तिलाही सिसिलियाचं नाव मिळालं. ती संस्था आजही चालू आहे.

या दिवशी संगीताचे मोठे कार्यक्रम कधीपासून होऊ लागले?

सर्वांत ठळक परंपरा लंडनची. १६८३ पासून तिथल्या संगीतप्रेमींच्या मंडळानं दर २२ नोव्हेंबरला नवी कविता आणि तिला नवी चाल असा शिरस्ता पाडला. पहिल्याच वर्षी चाल लावायला हेन्री पर्सेल होता, वय अवघं २४. १६८७ मध्ये जॉन ड्रायडन या त्या काळच्या थोर कवीनं या दिवसासाठी कविता लिहिली आणि १६९७ मध्ये दुसरी.

पर्सेलची खरी भरारी १६९२ च्या ‘हेल, ब्राइट सिसिलिया’मध्ये आहे. गायकवृंद, एकल गायक, ट्रम्पेट, नगारे, बासऱ्या असा मोठा ताफा घेऊन त्यानं एकेका वाद्याची स्तुती त्या त्या वाद्याच्याच तोंडून करवली. १६९४ च्या उत्सवासाठी त्यानं ‘ते देउम’ आणि ‘जुबिलाते’ ही चर्चमधली स्तुतिगीतं रचली. त्याच्या पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १६९५ ला, म्हणजे सिसिलियाच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तो गेला. तेव्हा तो ३६ वर्षांचा होता.

हॅन्डलचं नाव या दिवसाशी कसं जोडलं गेलं?

हॅन्डल लंडनला आला तेव्हा ड्रायडन जाऊन दहा वर्षं झाली होती. पण त्यानं ड्रायडनच्या दोन्ही सिसिलिया-कविता उचलल्या. दुसऱ्या कवितेवरची रचना त्यानं १७३६ मध्ये केली. मग १७३९ च्या सप्टेंबरात, १५ ते २४ तारखेदरम्यान, अवघ्या दहा दिवसांत १६८७ च्या कवितेला चाल लावली. २२ नोव्हेंबर १७३९ ला लिंकन्स इन फील्ड्सच्या नाट्यगृहात दोन्ही रचना एकाच संध्याकाळी सादर झाल्या.

विश्वाची निर्मितीच सुसंवादी सुरांतून झाली, असं कविता म्हणते. मग ती एकेका वाद्याकडे वळते आणि हॅन्डल त्या वाद्याला पुढे आणतो. चेलोच्या साथीनं सोप्रानो गाते, तिथे चेलो साथीला आहे हे विसरायलाच होतं. ट्रम्पेट आला की लढाईची हाक येते, बासरी येते ती विरहाचं दुःख घेऊन. पर्सेलनं घालून दिलेली वाट हॅन्डलनं सोडली नाही, पण ती रुंद केली.

१७३९ चा २२ नोव्हेंबर हा आजच्या हिशेबानंही २२ नोव्हेंबरच का?

नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन पंचांग चालू होतं. युरोपातले बहुतेक देश ग्रेगोरियन पंचांगावर गेले होते. अठराव्या शतकात दोन्हींत ११ दिवसांचं अंतर होतं, सतराव्या शतकात १० दिवसांचं. हॅन्डलचा कार्यक्रम लंडनमध्ये २२ नोव्हेंबरला झाला तेव्हा पॅरिसमध्ये ३ डिसेंबर होता. पर्सेलची पुण्यतिथी आजच्या पंचांगानं १ डिसेंबरला येते. इंग्लंडनं १७५२ मध्ये पंचांग बदललं. २ सप्टेंबरच्या रात्री झोपलेले लोक १४ सप्टेंबरच्या सकाळी उठले.

मुद्दाम निवडलेल्या तारखेला मात्र या गोंधळानं बाधा येत नाही. हॅन्डलनं सूर्याची नेमकी जागा साधलेली नव्हती, सण साधला होता, आणि लंडनमध्ये सण त्याच दिवशी होता. आपसूक घडलेल्या घटनांच्या बाबतीत पंचांग तपासलंच पाहिजे.

‘बोलेरो’चा पहिला प्रयोग खरंच याच दिवशी झाला?

हो. २२ नोव्हेंबर १९२८, पॅरिसचं ऑपेरागृह. पण त्याचा सिसिलियाशी काडीचाही संबंध नाही. नृत्यांगना इडा रुबिनस्टाइनच्या मंडळीच्या हंगामातला तो एक प्रयोग होता आणि हंगाम त्या सुमारास सुरू झाला, इतकंच.

तिला मोरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराकडून मूळ हवं होतं ते वेगळंच: आल्बेनिथ या स्पॅनिश संगीतकाराच्या पियानोच्या रचना वाद्यवृंदासाठी बांधून द्यायच्या. त्याचे हक्क आधीच दुसऱ्या संगीतकाराला दिलेले निघाले. मग रॅव्हेलनं स्वतःचंच काहीतरी करायचं ठरवलं. समुद्रकाठच्या सँ-जाँ-द-ल्यूझ गावी पियानोवर एका बोटानं एक धून वाजवून त्यानं मित्राला विचारलं, यात एक हट्टीपणा आहे, असं नाही वाटत? ती धून न बदलता, न वाढवता पुन्हा पुन्हा वाजवायची आणि फक्त वाद्यवृंद थोडा थोडा वाढवत न्यायचा, हा त्याचा बेत.

आपल्या कानाला ही रचना चटकन कळते, असं माझं मत आहे. स्नेअर ड्रमवर दोन मापांचा (माप म्हणजे तालाचं एक आवर्तन) एक ठेका सुरू होतो, इतका हलका की आधी तो कानावर पडतो की भासतो हे कळत नाही. तोच ठेका १६९ वेळा येतो. त्यावर दोन लांब धुना आलटून पालटून येतात: बासरी, मग क्लॅरिनेट, मग बसून, मग छोटा क्लॅरिनेट, असं करत एकेक वाद्य धून उचलतं. मध्ये एका जागी हॉर्नबरोबर सेलेस्टा आणि दोन पिकोलो तीच धून वेगवेगळ्या स्वरांवरून वाजवतात आणि क्षणभर वाद्यवृंदात एखादं नवंच वाद्य आल्याचा भास होतो. ३४० मापांच्या या रचनेत सूर ‘सी मेजर’ ही स्वरपट्टी सोडत नाही. अगदी शेवटाजवळ तो अचानक ‘ई मेजर’ला उडी मारतो, आठ मापं तिथे राहतो आणि परत येऊन सगळं कोसळतं. पंधरा मिनिटं एकाच जागी बसवून ठेवल्यामुळेच त्या उडीला एवढी ताकद येते.

‘बोलेरो’ किती वेगानं वाजवायचं?

यावरून १९३० मध्ये मोठी खडाजंगी झाली. आर्तुरो तोस्कानिनी या वाद्यवृंद-संचालकानं पॅरिसमध्ये ते रॅव्हेलच्या मनातल्या लयीपेक्षा पुष्कळ द्रुत वाजवलं आणि रॅव्हेलनं त्याला तोंडावर सुनावलं. त्याच वर्षी रॅव्हेलच्या देखरेखीखाली झालेलं ध्वनिमुद्रण १६ मिनिटांच्या आसपासचं आहे. लय शेवटपर्यंत हलता कामा नये, ही त्याची अट. माझा कौल रॅव्हेलच्या बाजूनं. वेग वाढला की ताण सैल पडतो. आणि सगळा भार उचलतो तो स्नेअर ड्रमवाला. पाव तास एकच ठेका, लय तीळभर न ढळू देता, शून्यातून पूर्ण आवाजापर्यंत न्यायचा असतो त्याला.

या दिवशी कोण कोण जन्मलं?

योहान सेबास्टियन बाखचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान (वायमार, १७१०), ‘स्टारडस्ट’ आणि ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ची चाल बांधणारा होगी कारमायकेल (१८९९), होआकिन रोद्रिगो (१९०१) आणि बेंजामिन ब्रिटन (१९१३).

यातल्या रोद्रिगोपाशी थोडं थांबायला हवं. स्पेनमधल्या सागुंतो गावी जन्मलेल्या या मुलाची दृष्टी तिसऱ्या वर्षी घटसर्पानं गेली. तो ब्रेलमध्ये स्वरलेखन करी आणि मग ते दुसऱ्याकडून सामान्य लिपीत उतरवून घेई. गिटार आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेलं ‘कॉन्सिएर्तो दे आरान्हुएथ’ ९ नोव्हेंबर १९४० ला बार्सेलोनात पहिल्यांदा वाजलं. गिटारचा आवाज नाजूक, वाद्यवृंद बलाढ्य, त्यामुळे दोघांना समोरासमोर उभं करणं धोक्याचंच. रोद्रिगोनं वाद्यवृंदाला जागोजागी श्वास रोखून उभं केलं आणि गिटारला बोलू दिलं. मधल्या संथ भागातली इंग्लिश हॉर्नची धून पुढे जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या ट्रम्पेटवरही आली. रोद्रिगो १९९९ पर्यंत जगला, ९७ वर्षं.

ब्रिटननं आपल्या वाढदिवसाच्या संतासाठी काही लिहिलं का?

लिहिलं, आणि ते जवळजवळ हरवलं होतं. १९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. कवी डब्ल्यू. एच. ऑडेननं त्याच्यासाठी सिसिलियावर कविता रचली. ब्रिटननं तिला चाल लावायला घेतली. १९४२ मध्ये मायदेशी परतायला तो जहाजावर चढताना जकात अधिकाऱ्यांनी त्याचे स्वरलेखनाचे कागद काढून घेतले. युद्धाचे दिवस होते, त्या खुणांत गुप्त संकेत असतील अशी शंका. अटलांटिक ओलांडताना त्यानं लिहिलेला भाग आठवून पुन्हा उतरवला आणि जहाजावरच रचना पूर्ण केली. २२ नोव्हेंबर १९४२ ला, त्याच्या २९ व्या वाढदिवशी, बीबीसीवरून ती पहिल्यांदा प्रसारित झाली.

‘हिम टू सेंट सिसिलिया’मध्ये एकही वाद्य नाही, नुसता गायकवृंद. पर्सेल आणि हॅन्डल वाद्यांची स्तुती वाद्यांकडून करवून घेत. ब्रिटननं शेवटच्या भागात व्हायोलिन, ढोल, बासरी, ट्रम्पेट हे सगळे माणसाच्या गळ्यातून काढले. सिसिलियाची मूळ कथा मनात ठेवून ऐकलं, तर अडीचशे वर्षांनी वाद्यं पुन्हा गप्प झाली आणि फक्त गाणं उरलं, असं जाणवतं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला बॉस्टनमध्ये काय झालं?

शुक्रवार होता. बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाची शुक्रवार दुपारची मैफल ही जुनी प्रथा. श्रोते स्थिरावलेले, कार्यक्रम सुरू झालेला. तिकडे डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. खिशात फोन नसण्याचा तो काळ. सभागृहातल्या बहुतेकांना काहीच ठाऊक नव्हतं.

संचालक एरिक लाइन्सडॉर्फ व्यासपीठावर आला. अध्यक्षांची हत्या झाल्याचं वृत्त आलं आहे, असं त्यानं श्रोत्यांना सांगितलं. कार्यक्रम आकाशवाणीवर जात होता, त्यामुळे हे सगळं ध्वनिमुद्रित आहे. बातमी ऐकताच सभागृहातून एक सामूहिक हुंकार उठतो. मग तो सांगतो की आम्ही बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिंफनीतली शोकयात्रा वाजवणार आहोत, आणि दुसरा हुंकार उठतो, पहिल्याहून खोल. पहिल्या वेळी लोकांचा विश्वास बसला नव्हता, दुसऱ्या वेळी बसला, असं मला दर वेळी ऐकताना वाटतं.

वादकांना तालमीची संधी नव्हती. ग्रंथालयातून त्या भागाच्या प्रती घाईनं आणून स्टँडवर ठेवल्या गेल्या. केनेडी याच शहराला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये जन्मलेले. सभागृहातल्या लोकांच्या दृष्टीनं हा घरचाच माणूस. ही तिसरी सिंफनी, म्हणजे ‘एरोइका’, आधी नेपोलियनच्या नावानं लिहिली गेली होती आणि तो सम्राट झाल्यावर बेथोव्हेननं ते नाव खोडून टाकलं. त्यामुळे ती शोकयात्रा कोणा एकाची राहिली नव्हती. डबलबेसचे ते सुरुवातीचे ढोलासारखे स्वर, वर व्हायोलिनचा दबका आवाज. ध्वनिमुद्रणात वादन काटेकोर आहे, थरथर कुठेच नाही. मला तेच सर्वांत जास्त लागतं.

त्याच संध्याकाळी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ब्रिटनच्या पन्नाशीनिमित्त त्याच्या ‘ग्लोरियाना’ ऑपेराचा मैफलीच्या रूपात प्रयोग होता. डॅलसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजले होते.

बीटल्सची तबकडीही त्याच दिवशी आली, हा निव्वळ योगायोग का?

योगायोगच, पण त्यातल्या एका भागाचं कारण सांगता येतं: शुक्रवार. इंग्लंडमध्ये त्या काळी नव्या तबकड्या बहुधा शुक्रवारी येत. ‘विथ द बीटल्स’ याच हिशेबानं आली. चौदा गाणी, त्यातली आठ स्वतःची, आणि त्यांत जॉर्ज हॅरिसननं लिहिलेलं पहिलं प्रसिद्ध गाणं. बीटल्सचीच आधीची तबकडी ३० आठवडे अव्वल स्थानी होती. तिला खाली उतरवून ही पुढचे २१ आठवडे तिथे बसली.

त्या सकाळी अमेरिकेत सीबीएस या दूरचित्रवाहिनीनं बीटल्सवर एक बातमीपट दाखवला होता. संध्याकाळी तो पुन्हा दाखवायचा होता. डॅलसच्या बातमीमुळे तो मागे पडला आणि १० डिसेंबरला दाखवला गेला. संगीत-निर्माता फिल स्पेक्टरच्या नाताळगीतांची तबकडीही अमेरिकेत त्याच शुक्रवारी आली आणि त्या शोकाकुल हंगामात तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. ती पुन्हा उजेडात आली १९७२ मध्ये, बीटल्सच्याच ॲपल कंपनीनं ती नव्यानं काढली तेव्हा.

आणि १९६८ ची ‘पांढरी’ तबकडी?

बरोबर पाच वर्षांनी, २२ नोव्हेंबर १९६८ ला. मध्ये दोन लीप वर्षं आल्यामुळे नेमके २६१ आठवडे होतात, म्हणून पुन्हा शुक्रवारच. तीस गाणी, दोन तबकड्या, रिचर्ड हॅमिल्टननं केलेलं कोरं पांढरं आवरण आणि त्यावर प्रत्येक प्रतीचा क्रमांक. अमेरिकेत ती तीन दिवसांनी, २५ तारखेला आली, म्हणून तिथल्या याद्यांत वेगळी तारीख दिसते.

त्याच शुक्रवारी इंग्लंडमध्ये किंक्स या गटाची ‘व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ही आली. ती फारशी खपली नाही. आज तिचे चाहते जगभर आहेत. याद्यांत तिचं नाव पांढऱ्या तबकडीच्या खाली आणि बारीक अक्षरांत असतं, किंवा नसतंच. मला ते सोसत नाही.

या दिवशी कोण गेलं?

नाटककार गिल्बर्टबरोबर चौदा संगीतिका करणारा संगीतकार आर्थर सलिव्हन १९०० मध्ये, ५८ व्या वर्षी. आयएनएक्सएस गटाचा गायक मायकेल हचन्स १९९७ मध्ये, सिडनीत.

यादीतली तारीख बरोबर आहे की नाही, हे कसं ताडायचं?

आधी पाहायचं की तारीख कशाची आहे: रचना पूर्ण झाल्याची, पहिल्या प्रयोगाची, ध्वनिमुद्रणाची की विक्रीला आल्याची. चारही वेगळ्या असू शकतात. मग कुठल्या देशातली, हे पाहायचं. १७५२ च्या आधीची इंग्लंडमधली असेल तर पंचांग पाहायचं. एक-दोन दिवसांनी सरकवलेल्या तारखाही खूप असतात. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचं पहिलं ध्वनिमुद्रण २३ नोव्हेंबर १९३६ चं, पर्सेलचा मृत्यू २१ चा. ही नावं २२ च्या यादीत कोंबण्याचा मोह होतो, पण ती तिथली नव्हेत.

हे सगळं एकाच दिवसात ऐकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

सकाळी पर्सेल, कारण त्याचे ट्रम्पेट झोप उडवतात. मग हॅन्डल, निदान चेलोचा तो एक भाग तरी. दुपारी रोद्रिगोचा संथ भाग. ‘बोलेरो’ ऐकताना आवाज सुरुवातीला वाढवू नका, ड्रम ऐकू येत नाही असं वाटलं तरी. संध्याकाळी पांढऱ्या तबकडीची एक बाजू आणि किंक्सचीही. बॉस्टनचं ध्वनिमुद्रण ऐकायचं असेल तर लाइन्सडॉर्फच्या घोषणेपासून ऐका, थेट संगीतापासून नको, आणि त्यानंतर लगेच दुसरं काही लावू नका. रात्री ब्रिटन, दिवे मंद करून. शेवटच्या भागात ट्रम्पेट गाऊ लागला की लक्षात घ्या, तिथे ट्रम्पेट नाही.